जुना कामको पॉवर टिलर, पिस्टन जाम: घरी दुरुस्त करताना सुरुवात कुठून करावी?

लाल_माती
कुडाळजवळच्या भातशेतीवरचा जुना कामको टिलर आहे, ईआर ९० इंजिनाचा. कैक पावसाळे मांगरात (शेतावरच्या खोपटात) उभा आहे आणि सायलेन्सरच्या तोंडावर झाकण नव्हतं. फ्लायव्हील जरासुद्धा हलत नाही. ऑइलचा बोल्ट सोडला तर आधी कपभर पाणी आलं, मग काळं तेल. तेल दुधाळ नाही. डिझेलच्या टाकीत तळाला चिकट काळा गाळ आहे. बेल्ट उतरवल्यावर गिअरबॉक्स हाताने फिरतो, रोटरी (माती फोडणाऱ्या पात्यांचा फिरता भाग) मात्र जड आहे. हँडलला पाइप लावून जोर द्यावा की सरळ इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडावं? शोभेला ठेवायचा नाही, चिखलणीला चालला पाहिजे.

पाना_१०_१२
पाइप लावू नका. हँडलचा खाचा तुटतो किंवा शाफ्टची चावी कापली जाते, आणि पिस्टन जागचा हलत नाही.

हेड उघडण्याआधी एक तपासणी करून घ्या, नंतर ती करता येत नाही. खालचा ऑइलचा बोल्ट उघडा ठेवा, इंजिनात कूलिंगचं पाणी पूर्ण भरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खाली थेंब असतील तर लायनरची (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीची) रबर रिंग किंवा हेडचं पॅकिंग गेलंय. कोरडं असेल तर ते कपभर पाणी सायलेन्सरमधून उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये आणि रिंगांवरून खाली उतरलेलं आहे. इंजिन चाललंच नाही, म्हणून तेलात मिसळून दुधाळ झालं नाही.

आता पिस्टन. हे इंजिन आडवं आहे. नोजलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) भोकातून तेल ओतलं की ते सिलिंडरच्या खालच्या बाजूला जाऊन बसतं, वरच्या बाजूच्या रिंगा कोरड्याच राहतात. म्हणून डिझेल, पाणी, ऑइल सगळं काढून इंजिन चेसिसवरून चेन कप्पीने उतरवा आणि हेड वर येईल असं लाकडी ठोकळ्यांवर घट्ट उभं करा. एकट्याने उचलायचं वजन नाही हे. मग हेड काढा आणि पिस्टनवर डिझेल व ए.टी.एफ. (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) निम्मंनिम्म, बोटभर उंचीचं भरून ठेवा. पातळी उतरली की पुन्हा भरा. आठवडाभर लागला तरी लागू दे.

नंतर पिस्टनच्या मापाचा सागवानी किंवा बाभळीचा गोल ठोकळा ठेवून लाकडी मोगरीने ठोका. एक घाव मोठा नको, हलके आणि पुष्कळ हवेत. पिस्टन अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला असेल तर ठोकून काही होत नाही, कारण कनेक्टिंग रॉड क्रँकच्या सरळ रेषेत असतो. अशा वेळी फ्लायव्हीलला लाकडी दांडा अडकवून दोन्ही दिशांना आळीपाळीने थोडा थोडा रेटा द्या. क्रँकच्या बाजूने हेडकडे ठोकलंत तर पिस्टनबरोबर लायनरच उचलून येईल आणि चांगली असलेली रबर रिंगही कापली जाईल.

लाल_माती
लायनरला आत गंजाचे खड्डे निघाले तर होनिंग (आतून दगडाने घासणं) करून चालेल का?

पाना_१०_१२
खड्डे कुठे आहेत त्यावर आहे. रिंगा जिथपर्यंत पोचत नाहीत तिथे असले तर सोडून द्या. वरची रिंग जिथे पोचून परत फिरते त्या पट्ट्यात नखाला लागणारा खड्डा असेल तर लायनरच बदला. होनिंगने चकाकी मोडते, खड्डा जात नाही.

झीज घरी मोजता येते. एक नवी रिंग लायनरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ बसवा आणि रिंगेच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पाहा. या मापाच्या सिलिंडरला नव्या लायनरमध्ये ती साधारण ०.३ ते ०.४ मि.मी. येते. १ मि.मी.च्या पुढे गेली तर फक्त रिंगा बदलून पैसे वाया जातील. इंजिन कुबोटाच्या रचनेचं असलं तरी पिस्टन, लायनर मागवताना जुना भाग दुकानात घेऊन जा आणि त्यावरचा नंबर जुळवा.

व्हॉल्व्ह घासून बसवले की पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाहा. पाच मिनिटांत सीटवर ओल दिसली तर परत घासा.

नोजल_टेस्टर
वरचं सगळं बरोबर. पण इंजिन मोकळं झालं की लोक लगेच हँडल मारतात, आणि खरा धोका तिथे आहे.

जुनं डिझेल पंपात सुकून डिंकासारखं होतं आणि पंपाची रॅक (डिझेल कमीजास्त करणारी सरकती दांडी) चिकटते. ती जास्त डिझेलच्या बाजूला चिकटलेली असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम होतं. गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) रॅकला मागे ओढू शकत नाही, स्टॉप लिव्हरही उपयोगाचा नाही. म्हणून पंप काढा. खालच्या पातळ पत्र्याच्या शिमा मोजून, दोऱ्यात ओवून ठेवा. डिझेल कधी सुटणार हे त्यांच्या जाडीवर ठरतं, एकही कमीजास्त नको. पंप स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून ठेवा. नंतर तो तिरका केल्यावर रॅक स्वतःच्या वजनाने इकडून तिकडे सरकली पाहिजे. बोटाने ढकलावी लागत असेल तर पंपवाल्याकडे न्या. प्लंजर (पंपातला दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांची जोडी असते, त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही आणि दुसऱ्या पंपातला प्लंजर घालायचा नाही.

नोजल टेस्टरवरच तपासून घ्या. फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

टाकी धुवून, नवा फिल्टर घालून हवा काढा: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोजलच्या पाइपचा नट. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) उचलून हँडल फिरवताना नोजलमधून ‘कर्र’ असा आवाज आला की डिझेल पोचलं. त्याही आधी, स्टॉप ओढून ठेवून, बरंच हँडल फिरवा म्हणजे बेअरिंगांपर्यंत ऑइल जाईल.

पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेच्या पाइपच्या तोंडावर सपाट बसेल अशी फळी दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. फडकं नको, आत ओढलं जातं. क्लीनर परत लावाल तेव्हा त्यातलं ऑइल खुणेच्या वर भरू नका, ते जास्तीचं तेल ओढूनही इंजिन पळत सुटतं. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा.

चिखल_आणि_चाक
रोटरी जड आहे म्हणालात, तर शाफ्टच्या दोन्ही टोकांना पात्यांच्या मागे पाहा. गवत, सुतळी, नायलॉनचा दोरा गुंडाळून ऑइल सीलच्या आत गेलेला असतो. तिथून चिखल शिरला की आधी तेल पांढरट होतं, मग बेअरिंग जातं. तेल काढून पाहिल्याशिवाय फिरवत बसू नका.

नवं सील बसवताना शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली खाच तपासा. नखाला लागत असेल तर सील जुन्या जागी बसवूच नका, घरात जागा असेल तर २ मि.मी. अलीकडे किंवा पलीकडे बसवा, म्हणजे त्याची कड कोऱ्या जागेवर घासेल. तेवढी जागा नसेल तर लेथवाल्याकडून शाफ्टवर बुश चढवून घ्या. सील बदलूनही हंगामात पुन्हा गळतं ते बहुतेक या खाचेमुळेच.

गंजलेली पत्र्याची गार्डं, ब्रॅकेटं घरी साफ होतात. १० लिटर पाण्यात १०० ते १५० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, ऋण टोक भागाला आणि धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पत्र्याला. स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. ॲल्युमिनियमचे भाग सोड्यात विरघळतात, आणि स्प्रिंग व पात्यांचे कडक बोल्ट यात टाकले तर ठिसूळ होतात. ते नवेच घ्या, बोल्ट ८.८ ग्रेडचे. टब उघड्यावर ठेवा, हायड्रोजन सुटतो. बाहेर काढलं की धुऊन, सुकवून त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा, कोकणातल्या हवेत दुसऱ्या दिवशी परत लाल पडतं.

पाती लावताना धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला, आणि डावी-उजवी पाती वेगळी असतात. सुटी करण्याआधी फोटो काढून ठेवा.

लाल_माती
पाण्याची तपासणी केली, खाली दोन-चार थेंब आहेत. म्हणजे रबर रिंगा आणि हेडचं पॅकिंग दोन्ही मागवतो. इंजिन आता उतरवतो आणि पंप सावंतवाडीला दाखवून आणतो.

पाना_१०_१२
लायनर बाहेर काढलाच तर ब्लॉकमध्ये रबर रिंग बसते ती खाच तारेच्या ब्रशने नाही, लाकडी काडीने साफ करा. रिंगला साबणाचं पाणी लावून लायनर हाताने दाबा. हातोडी लागत असेल तर रिंग पिळली गेलीय असं समजा आणि परत काढा. पॅकिंग लावण्याआधी लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते स्केल आणि फीलर गेजने दोन-तीन जागी बघा. सगळीकडे सारखा नसेल तर खाली कचरा राहिलाय.