तोड्याची बंदूक आणि चकमकीची बंदूक, फरक काय आणि पावसात काय करायचे?

गडवाट८७: परवा एका म्युझियममध्ये दोन लांब बंदुका शेजारी शेजारी ठेवलेल्या बघितल्या. पाटीवर नुसतं 'बंदूक' एवढंच. एकीच्या घोड्यात दगड धरलेला आणि दुसरीला नुसता वाकडा चिमटा. कुणी नीट सांगेल का? आणि आपल्याकडच्या पावसात ह्या उडायच्या तरी कशा?

रानपाखरू: चिमटावाली तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी, ती निखाऱ्यासारखी धुमसत राहते. चाप ओढला की चिमटा खाली येतो, तोडा रंजकीला टेकतो, रंजक म्हणजे कानाशी (नळीच्या बुडाजवळचं बारीक भोक) ठेवलेली बारीक दारू, ती भडकली की आग कानातून नळीत जाते आणि बार होतो. कधी नुसतीच रंजक उडायची, गोळी आतच. आणि रात्री छापा घालायचा म्हटलं तर पेटलेला तोडा लांबून दिसणार, वासही येणार.
चकमकीच्या बंदुकीत तोडाच नको. घोड्यातली गारगोटी पोलादी पत्र्यावर आपटते, ठिणग्या पडतात, आणि तोच पत्रा रंजकीचं झाकणही असतो, म्हणजे बार होईपर्यंत रंजक झाकलेली. फ्रान्समध्ये १६१० च्या सुमाराला ही कळ तयार झाली.

गडवाट८७: मग आपल्याकडे तोड्याची इतकी वर्षं का टिकली?

जुनीपानं: कारण ती गावच्या लोहाराला दुरुस्त करता यायची! चकमकीला मजबूत स्प्रिंग लागते, पत्र्याला नीट पाणी दिलेलं लागतं, आणि गारगोटी झिजली की बदलायची. मला तरी हेच खरं कारण वाटतं, आपले लोक मागासलेले होते वगैरे अजिबात पटत नाही. गरज पडली तेव्हा महादजी शिंद्यांनी डी बॉयन ह्या युरोपियन सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्याच की, त्यांच्या हातात चकमकीच्याच बंदुका होत्या.
पावसाचं म्हणाल तर प्लासी बघा, २३ जून १७५७. दुपारी धो धो पाऊस आला, इंग्रजांनी दारूवर ताडपत्री टाकली, नवाबाच्या तोफखान्याची दारू भिजली. कळ कुठलीही असो, दारू कोरडी पाहिजे.

सड्यावरचा: आमच्या कोकणात डुकरं हाकायला आजोबांकडे लायसनची ठासणीची होती, तिला केप, म्हणजे आपटल्यावर पेटणारी दारू भरलेली छोटी टोपी, लावायचे. तो पुढचा टप्पा. स्कॉटलंडच्या फोर्सिथ नावाच्या पाद्र्याने १८०७ मध्ये आपटल्यावर पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं, त्यातूनच पुढे तांब्याची केप आली. घोडा केपवर आपटला की झालं, ना तोडा ना गारगोटी. पण दारू गजाने ठासायची ती ठासायचीच, आणि पावसाळ्यात आजोबा नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा घालून ठेवायचे ते मला अजून आठवतं.