आयएमएचए झालेल्या कुत्रीची उपचारादरम्यान घरी काय काळजी घ्यावी?

प्रश्न

आमच्या कॉकर स्पॅनियल कुत्रीला, राणीला, आयएमएचए झाल्याचे निदान झाले आहे. म्हणजे तिची रोगप्रतिकारशक्ती तिच्याच रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करत आहे. दाखल केले तेव्हा पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) १४ होता. रक्त चढवल्यानंतर आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड), मायकोफेनोलेट (रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध) व क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध) सुरू केल्यानंतर तो २२ वर आला आणि तिला घरी सोडले. आता ती सतत पाणी पिते, घरातच लघवी करते आणि रात्री धापा टाकते. तिचे हे हाल बघवत नाहीत, म्हणून घरातील मंडळी स्टिरॉइड कमी करण्याचा आग्रह धरत आहेत आणि लोहाचे टॉनिकही सुचवत आहेत. ज्यांनी या आजारातून आपले कुत्रे बाहेर काढले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

तहान, भूक आणि लघवी वाढणे हे स्टिरॉइडचे अपेक्षित परिणाम आहेत आणि डोस उतरत गेला की तेही ओसरतात. पाणी मात्र कधीही तोडू नका. त्याऐवजी तिला रात्रीसुद्धा एकदा बाहेर न्या आणि अंथरुणाखाली प्लास्टिक घाला. ती घरात लघवी करते म्हणून तिला रागावू नये, कारण ते तिच्या हातात नाही.

आम्ही एका वहीत रोज भूक, लघवीचा रंग, हिरड्यांचा रंग आणि झोपेतील श्वासांची संख्या लिहीत असू. हिरड्या नेहमी एकाच खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहाव्यात, कारण पिवळ्या दिव्याखाली फिकटपणा आणि कावीळ दोन्ही लपतात. गाढ झोपेत छाती मिनिटाला साधारण तीसपेक्षा कमी वेळा वरखाली होते. हा आकडा चढत गेला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

दुसरा प्रतिसाद

मी पशुवैद्य आहे. राणीला तपासलेले नसल्यामुळे डोसविषयीचा निर्णय तिच्या डॉक्टरांचाच राहील. तरीही स्टिरॉइड स्वतःच्या मनाने कमी करू नका, हे मी ठामपणे सांगतो. कुत्र्याचा पीसीव्ही सर्वसाधारणपणे ३७ ते ५५ असतो, त्यामुळे २२ ही सुधारणा असली तरी आजार आटोक्यात आल्याची खूण नव्हे, शिवाय त्यातला काही भाग चढवलेल्या रक्ताचा आहे. पीसीव्ही ३० च्या वर जाऊन सुमारे दोन आठवडे स्थिर राहिला आणि इतर तपासण्याही सुधारल्या, की साधारणपणे डोस एक चतुर्थांशाने उतरवतात, आणि पुढची प्रत्येक कपात रक्त तपासूनच करतात. संपूर्ण उपचार बहुधा चार ते आठ महिने चालतो. गोळी एकाएकी बंद केल्यास आजार उलटू शकतो, शिवाय शरीराची स्वतःची कॉर्टिसोल (शरीरातील नैसर्गिक स्टिरॉइड) तयार करण्याची क्षमता दबलेली असल्यामुळे जनावर कोसळू शकते.

पहिल्या दोन आठवड्यांत मला रक्तक्षयाइतकीच भीती रक्ताच्या गुठळ्यांची वाटते, आणि क्लोपिडोग्रेल त्याचसाठी दिलेले आहे. अचानक दम लागणे, मागचा पाय थंड पडून लुळा होणे किंवा तोल जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब दवाखाना गाठा. शौच डांबरासारखी काळी झाली, तर पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता धरून लगेच कळवा. आणि वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कारण स्टिरॉइडबरोबर अशी औषधे जठरात व्रण करतात.

लोहाच्या टॉनिकची सहसा गरज नसते. या आजारात नष्ट झालेल्या पेशींतील लोह बहुतांशी शरीरातच राहते आणि नव्या पेशींसाठी वापरले जाते. त्यापेक्षा बेबेसियासारख्या गोचीडजन्य आजारांची तपासणी झाली आहे का, हे अवश्य विचारा. मूळ कारण तेच असेल तर त्याचा वेगळा उपचार करावा लागतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. बेबेसियाची तपासणी झाली असून ती नकारात्मक आली आहे. घरात सर्वांना दुसरा प्रतिसाद वाचून दाखवला आणि डोसला हात लावायचा नाही असे ठरले. तिला फिरायला न्यावे का, आणि या महिन्यात ठरलेल्या लसीचे काय करावे?

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

सध्या लघवी-शौचापुरतेच, पट्टा बांधून आणि तिच्या गतीने न्यावे. जिने चढू देऊ नयेत आणि अनोळखी कुत्र्यांपासून दूर ठेवावे, कारण औषधांमुळे तिची संसर्गाशी लढण्याची ताकद कमी झालेली आहे. त्याच कारणासाठी कच्चे मांस पूर्णपणे टाळावे. लस तूर्तास पुढे ढकलण्याविषयी डॉक्टरांशी बोला, आणि गोचीड प्रतिबंधक औषधात मात्र खंड पडू देऊ नका. मायकोफेनोलेटमुळे जुलाब होऊ शकतात. तसे झाल्यास गोळी परस्पर न थांबवता त्याच दिवशी फोन करून विचारा.