श्रेणी सहसंबंध, कोटी सहसंबंध की क्रम सहसंबंध?

प्रश्न : संख्याशास्त्रात सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर कितपत बदलतात याचे माप. त्यातल्या स्पिअरमनच्या गुणांकाला (इंग्रजीत rank correlation) हे तिन्ही शब्द वापरलेले दिसतात, शिवाय 'गुणानुक्रम सहसंबंध'ही. यातला कोणता घ्यावा? आणि नेहमीच्या सहसंबंधापेक्षा यात वेगळे काय मोजतात?

उत्तर : माझे मत 'क्रम सहसंबंध'ला. 'श्रेणी' म्हटले की अ श्रेणी, ब श्रेणी आठवते, आणि एका श्रेणीत पुष्कळ जण बसतात. 'कोटी'ने संख्येचा घोटाळा होतो. 'गुणानुक्रम' कानाला छान लागतो, पण क्रम गुणवत्तेचाच असतो असे कुठे आहे? उंची, वजन, धावायला लागलेला वेळ, कशावरूनही क्रम लावता येतो.

वेगळेपणही याच शब्दात आहे. नेहमीचा सहसंबंध, म्हणजे पिअरसनचा गुणांक, मूळ मूल्ये घेतो आणि ती सरळ रेषेच्या किती जवळ आहेत ते पाहतो. स्पिअरमनने १९०४ मध्ये मांडलेली रीत मूल्ये बाजूला ठेवून फक्त क्रमांक घेते. एका चलाची (मोजलेल्या राशीची) मूल्ये १, २, ३, ४ आणि दुसऱ्याची १, ८, २७, ६४ असली तर पिअरसनचा गुणांक १ पेक्षा कमी येतो, स्पिअरमनचा मात्र पूर्ण १. एक वाढले की दुसरे वाढतेच, एवढेच त्याला हवे असते. किती वाढले, हे तो विचारत नाही. म्हणूनच एखादे अवाच्या सवा मूल्य त्याला फारसे हलवू शकत नाही.

प्रश्न : मग केंडॉलचा 'टाउ'ही क्रम सहसंबंधच ना?

उत्तर : हो, केंडॉलने १९३८ मध्ये मांडलेला तो गुणांकही क्रम सहसंबंधच. म्हणून नुसते 'क्रम सहसंबंध ०.६' असे कृपया लिहू नका, गुणांकाचे नाव द्याच. पाच स्पर्धकांना एका परीक्षकाने १, २, ३, ४, ५ असे क्रमांक दिले आणि दुसऱ्याने २, १, ४, ३, ५. क्रमांकांतील फरकांच्या वर्गांची बेरीज ४. तिची सहापट २४, तिला ५ × (२५ − १) म्हणजे १२० ने भागून १ मधून वजा केले की स्पिअरमनचा 'ऱ्हो' ०.८ येतो. केंडॉल स्पर्धकांच्या जोड्या मोजतो, आणि प्रत्येक जोडीत वरचा कोण यावर दोन्ही परीक्षकांचे एकमत आहे का ते पाहतो : दहापैकी आठ जोड्यांत दोघांचे एकमत, दोनांत उलट, म्हणून (८ − २) ÷ १० = ०.६. माहिती तीच, आकडे दोन, आणि दोन्ही बरोबर.

दोघे बरोबरीत आले तर क्रमांकांची सरासरी देतात, उदाहरणार्थ दोघांनाही २.५. अशा वेळी वरचे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही. तेव्हा क्रमांकांवरच पिअरसनचे सूत्र चालवावे.