मदत हवी आहे: राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाला काढू शकतो की नाही?

अभ्यासू_लातूर
क्लासच्या नोट्समध्ये 'काढू शकतो' लिहिलंय, पुस्तकात नेमकं उलट. सर म्हणतात दोन्ही बरोबर. दोन्ही कसं बरोबर असेल? हो की नाही, एवढंच सांगा. संध्याकाळी टेस्ट आहे.

नाना_डोंबिवली
नाही. लोकसभेत बहुमत आहे तोवर पंतप्रधानाला हात लावता येत नाही. पण राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्काही नव्हे. १९८६चं टपाल विधेयक बघा. संसदेने मंजूर केलं, झैलसिंगांनी सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. कलम १११ मध्ये मुदतच नाही. हे उत्तरात लिहाच.

अभ्यासू_लातूर
काका, भारताचं नाही विचारलं.

मृण्मयी_के
मग कुठलं? धाग्यात देशाचं नावच नाही. अमेरिकेत तर पंतप्रधानच नसतो.

सह्यकडा
अमेरिकाच करून जा, हमखास विचारतात. व्हेटो फिरवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात.

अभ्यासू_लातूर
फ्रान्स!! अर्धअध्यक्षीय (लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणि संसदेला जबाबदार पंतप्रधान, दोन्ही असतात ती पद्धत) म्हटलं की फ्रान्सच ना.

लिऑंकर
अर्धअध्यक्षीय हा शब्द तुम्ही आत्ता काढलात. असो. कलम ८ नुसार राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमतो, पण पदमुक्त करतो ते पंतप्रधानाने सरकारचा राजीनामा दिल्यावरच. म्हणजे कागदावर 'नाही'. व्यवहारात दोघे एका गोटातले असले की राष्ट्राध्यक्ष राजीनामा मागतो आणि तो मिळतो. पंतप्रधान शाबाँ-देल्मास यांनी मे १९७२ मध्ये सभागृहाचा विश्वास जिंकला होता, तरी जुलैत राष्ट्राध्यक्ष पाँपिदूंनी त्यांना घरी पाठवलं. १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँनी पंतप्रधान रोकार यांचा राजीनामा घेतला.
बहुमत विरोधकांचं असलं की हे चालत नाही. १९८६ ते ८८ मितराँ राष्ट्राध्यक्ष आणि शिराक पंतप्रधान. मितराँ त्यांना काढू शकले नाहीत. खासगीकरणाच्या अध्यादेशावर सही नाकारली एवढंच, मग शिराकनी तेच संसदेतून कायदा करून घेतलं.

नाना_डोंबिवली
म्हणजे शेवटी सभागृहच मोठं. मी तेच म्हणत होतो.

मृण्मयी_के
मुळीच नाही. २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ केलं, ते कलम ४९.३ वापरून, अंतिम मतदान न घेता. लाखो लोक रस्त्यावर होते. याला सभागृह मोठं म्हणायचं?

लिऑंकर
४९.३ लावलं की सभागृह अविश्वास आणू शकतं. तेव्हा तो ९ मतांनी हुकला. डिसेंबर २०२४ मध्ये अविश्वासाच्या बाजूने ३३१ मतं पडली आणि पंतप्रधान बार्निए गेले, १९६२ नंतर पहिल्यांदाच. पण हे सभागृहाने काढणं झालं, प्रश्न राष्ट्राध्यक्षाचा आहे.

सह्यकडा
लिऑंमध्ये मास्टर्सला भाषा किती यावी लागते? भाच्यासाठी विचारतोय.

अभ्यासू_लातूर
प्लीज, विषय भरकटवू नका. एका मार्काला काय लिहू?

लिऑंकर
'घटनेनुसार नाही.' वर्णनात्मक असेल तर १९७२ आणि १९८६ दोन्ही लिहा, कारण फरक बहुमत कोणाचं यावर पडतो.

म्हापशेकार
पोर्तुगालही त्याच गटात धरतात. तिथे राष्ट्राध्यक्ष सरकार बरखास्त करू शकतो, पण लोकशाही संस्थांचं कामकाज सुरळीत राहण्यासाठी गरजेचं असेल तरच. प्रश्नात नुसतं 'अर्धअध्यक्षीय' असेल तर आधी देश लिहा, मग उत्तर.