परशुराम झालेच नसतील तर आपली श्रद्धा खोटी का?

वाशिष्ठीकाठ:
मंडळी, परवा मुलाला घेऊन चिपळूणजवळच्या परशुराम देवळात गेलो होतो. पोरगा जिऑलॉजीला, सेकंड इयर. मी सवयीने म्हटलं की परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि आपलं कोकण वर आलं, तर तो वाटेतला चिरा दाखवून म्हणतो, बाबा हा जांभा बेसॉल्ट झिजून झालाय, बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, बाण नक्की कधी मारला? मी गप्प. आत गेल्यावर हात मात्र जोडले गेलेच, आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की ज्याच्या नावाने एवढं सगळं करतो तो झालाच नसेल तर काय? भांडण नकोय, राजकारण तर अजिबात नको.

वसईवाला:
आमच्याकडे हे जास्त टोचतं. येशू रोमन सुभेदार पिलाताच्या काळात क्रुसावर मेला हे बहुतेक इतिहासकार मानतात, नास्तिकसुद्धा. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ११६ च्या सुमारास लिहून ठेवलंय, आणि त्याला तर ख्रिस्ती लोकांचा तिटकाराच होता. पण तेवढ्याने माझं भागत नाही ना, बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला सरळ लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. मेल्याचा पुरावा मिळेल, उठल्याचा कुठून आणू? गांधीजी १९३१ मध्ये म्हणाले होते की येशू झालाच नाही असं सिद्ध झालं तरी त्याच्या नावावरचं डोंगरावरचं प्रवचन मला खरंच वाटेल. माझ्या आजीसमोर हे बोलले असते तर लाटणं निघालं असतं.

मंडणगडी:
बाबासाहेबांचं आंबडवे आमच्याच तालुक्यातलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचा. म्हातारा, आजारी, प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडतो ही गोष्ट त्यांनी नाकारली, २९ वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलंच नव्हतं हे त्यांना पटेना. त्याऐवजी घर सोडायचं कारण दिलं ते शाक्य (सिद्धार्थाचं कूळ) आणि शेजारच्या कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेलं भांडण. पाण्याचं! मला तर महाडचा १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रहच आठवतो. म्हणजे बुद्ध खराच, पण गोष्ट गाळली म्हणून धम्म काही कमी झाला नाही. आता सोपाऱ्याचा स्तूप घ्या, १८८२ ला भगवानलाल इंद्रजींनी खणला, दगडी पेटीत एकात एक डब्या, सगळ्यात आतली सोन्याची आणि तिच्यात काय, तर मातीच्या भिक्षापात्राचे बारके तुकडे. बुद्धाच्याच पात्राचे की नाही कोण सांगणार, पण ठेवणाऱ्याने किती जपून ठेवले बघा.

देवगडचो:
अरे बाबांनु, आमच्या ग्रामदेव रवळनाथाचो जन्मदाखलो कोणी मागल्याचा अजून आयकाक नाय माका. संस्थापक नाही, ग्रंथ नाही, तारीख नाही. 'बा देवा म्हाराजा' म्हणून गाऱ्हाणं घातलं की आम्ही 'व्हय म्हाराजा'. भावाने होडी विकू की नको म्हणून कौल लावला, म्हणजे देवाला विचारलं, ओल्या कळ्या पाषाणाला चिकटवल्या, नको विकू असा कौल आला, होडी ठेवली. यात देव कधी झाला हा प्रश्न येतोच कुठे? हां, ज्यांचं सगळं एका माणसाच्या शब्दावर उभं आहे त्यांना हे परवडणारं नाही, तेवढं वसईवाल्यांचं मान्य.

वाशिष्ठीकाठ:
मुलाला वाचून दाखवलं. म्हणे बाबा, तुमचा परशुराम देवगडवाल्यांच्या खात्यात टाका, वसईच्या नको. मला अर्धंच पटलंय. कारण मी त्याला लहानपणापासून ते इतिहास म्हणूनच सांगत आलो, गोष्ट म्हणून कधी सांगितलंच नाही, ते चुकलं माझं. असो, सोपाऱ्याला बघण्यासारखं काही उरलंय का? दिवाळीत मुंबईला येतोय.

मंडणगडी:
मी हल्ली तिथेच राहतो. नालासोपारा स्टेशनला पश्चिमेला उतरा, रिक्षावाल्याला बुरूड राजाचा कोट सांगा, स्तूप म्हटलं तर कधीकधी कळत नाही. डब्या मात्र तिथे नाहीत हां, त्या मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे. आणि सकाळी लवकर या, दुपारी ऊन फार असतं.