नोकरी गेल्यावर देवावरचा भरवसा कसा टिकवावा?

प्रश्न (पिंपरी): कारखान्यातली नोकरी गेल्यापासून घराचा हप्ता थकला आहे, मंडळीत (चर्चमध्ये) सगळे धीर देतात, पण प्रार्थनेला बसलो की तोंडी तक्रारच येते. हा अविश्वास आहे काय?

उत्तर: नाही, दादा. बायबलमधल्या स्तोत्र 13 मध्ये दावीद राजा परमेश्वराला ‘कोठवर?’ असे चार वेळा विचारतो आणि तरीही त्याच्याच दयेवर भिस्त ठेवतो.

उत्तर: केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली वारली, तरी स्वतःच्या खालावलेल्या प्रकृतीतही त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही.

उत्तर: प्रार्थना चालू ठेवाच, पण बँकेत जाऊन मुदतही वाढवून मागा, आणि चर्चच्या पाळकसाहेबांना थकबाकीचा खरा आकडा सांगा, आपल्या लोकांत संकोच फार.