बाप्तिस्मा: तुमचा, तुमच्या लेकरांचा, नाहीतर नुसता पाहिलेला (अनुभव धागा)

ओली_बाही (धागा काढणारी)

गेल्या रविवारी भाचीचा बाप्तिस्मा झाला. सोमवारी ऑफिसात पेढे वाटले तर शेजारची म्हणाली, "अगं, म्हणजे बारसंच की!" मी हो-हो म्हणून वेळ मारून नेली आणि मग दिवसभर ते डोक्यात राहिलं. बारसं नाही ते. भाचीचं नाव जन्मदाखल्यावर तीन महिन्यांपूर्वीच चढलंय. रविवारी पाळकसाहेबांनी तिला हातावर घेतलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी घातलं. ती तिसऱ्या ओंजळीला जागी झाली आणि अख्खं देऊळ डोक्यावर घेतलं. (आम्ही नगरकडचे लोक चर्चला देऊळच म्हणतो.) माझी बाही कोपरापर्यंत ओली.

अर्थ आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवला तो असा: ख्रिस्ताबरोबर पुरलं जायचं आणि त्याच्याबरोबर उठायचं. पाप धुऊन जातं आणि माणूस मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात येतो. हे आयुष्यात एकदाच. कोणी पाणी ओततात, कोणी अख्खा माणूस बुडवतात. कोणी तान्ह्याला देतात, कोणी म्हणतात कळायला लागल्यावर स्वतः मागितला तरच खरा. झुरिकमध्ये १५२५ साली यावरून फाटाफूट झाली आणि आमच्या काका-आत्यांत ती अजून चालू आहे. आमच्या सी.एन.आय.ने (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अनेक प्रोटेस्टंट चर्चेस मिळून झालेलं) १९७०मध्ये एकत्र येताना दोन्ही पद्धती ठेवल्या, म्हणून आमच्याकडे निदान भांडण तरी घरातल्या घरात होतं.

मला माझा बाप्तिस्मा आठवत नाही. दुसऱ्यांनी सांगितलेला तेवढाच माहीत. तुमचं काय? ख्रिस्ती असा-नसा, लिहा. धर्मांतर चांगलं की वाईट याचं दळण इथे नको, त्यासाठी जगात जागा भरपूर आहे.

वाडीवरची

आम्ही वसईचे, कॅथलिक. आमच्याकडे पुस्तकी शब्द स्नानसंस्कार, बोलताना बाप्तिस्माच. हल्ली तो छान ऐसपैस होतो. दारातच फादर विचारतात, बाळाचं नाव काय, देवाच्या मंडळीकडे काय मागता? मग कपाळावर क्रूस, छातीला तेल, पाणी, टाळूवर दुसरं तेल (याला वास असतो, बाळाचं डोकं दोन दिवस घमघमतं), पांढरं वस्त्र आणि पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती. माझ्या पोराची ती मेणबत्ती कपाटात साड्यांखाली आहे. पहिल्या कम्युनियनला (पवित्र भाकर पहिल्यांदा घेताना) पुन्हा पेटवली तेव्हा तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

पण आजीचं सांगायचंय. तिच्या वेळी बाळाला जन्मानंतर चार-आठ दिवसांत चर्चला न्यायचे. बाळंतीण घरीच. आपल्याच पोराच्या बाप्तिस्म्याला आई नाही! धर्ममाता (बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी, गॉडमदर) बाळ घेऊन जायची, मागून धर्मपिता आणि घरचे पुरुष. प्रार्थना लॅटिनमध्ये, कळायच्या कोणाला? त्या जुन्या विधीत बाळाच्या जिभेवर मंत्रलेलं मीठ ठेवायचे. १९६९नंतर नवीन विधी आला, त्यात ते गेलं. माझे बाबा १९५८चे. आजी खाटेवर वाट बघत होती. बाळ परत आलं, तिने जवळ घेऊन पापा घेतला आणि तिच्या ओठांना मीठ लागलं. तिला बाप्तिस्म्याचं एवढंच मिळालं. सातही पोरांचं असंच. ती हे तक्रार म्हणून सांगत नाही, मीच चिडते.

एक अवांतर. आम्हा लोकांना कुपारी म्हणतात. ते पोर्तुगीज 'कोम्पाद्रे'वरून आलं असं आमच्यात सांगतात. कोम्पाद्रे म्हणजे बाळाचा बाप आणि धर्मपिता यांचं एकमेकांशी लागणारं नातं. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून जुळलेल्या नात्याचं नाव जातीलाच पडलं!

सही_शिक्का

लग्न ठरलं तेव्हा मला कळलं की माझा बाप्तिस्मा ही मुळात एक नोंद आहे. बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, तोही ताजा, सहा महिन्यांच्या आत काढलेला. मी म्हटलं, बाप्तिस्मा जुनाच आहे ना, दाखला ताजा कशाला? तर कॅथलिक चर्चमध्ये तुमचं लग्न झालं की तेही मूळ नोंदीच्या समासात लिहितात. म्हणजे ताज्या दाखल्यात आधीचं लग्न लपत नाही. पटलं.

पण ज्या चर्चमध्ये (नाव घेत नाही) माझा झाला, तिथल्या वहीत माझ्या जागी माझ्या थोरल्या भावाचंच नाव लिहिलेलं निघालं, दोन वर्षांच्या अंतराने दोनदा. आईबाप तेच, धर्ममाता वेगळी. धर्ममातेने ऐंशीव्या वर्षी येऊन सांगितलं, "हाच तो, मीच धरला होता, माझ्या साडीवर शी केली होती." तेवढ्यावर दुरुस्ती झाली. धर्ममाता कशाला असते ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्यांदा_भिजलेली

यावर लिहावं की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमचं गाव प्रवरेकाठी. पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले, आडनाव तेच राहिलं, शिंदे-गायकवाडांसारखं. वडील मंडळीचे सेक्रेटरी. तीन महिन्यांची असताना माझा बाप्तिस्मा देवळात झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण (स्वतः विश्वास कबूल करायचा विधी). एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर एका प्रार्थनासभेला जायला लागले. टाळ्या, ढोलक, रडणं. आमच्या देवळात असं काही होत नसे, आमच्याकडे पेटीवर गीत आणि घड्याळावर उपदेश. तिथले पास्टर म्हणाले, शिंपडलेला तो बाप्तिस्माच नव्हे, आधी विश्वास मग पाणी. मला ते खरं वाटलं. अजूनही निम्मं खरं वाटतं.

जानेवारीतली सकाळ, नदीला गुडघ्यापेक्षा थोडं जास्त पाणी. आम्ही सहा जणी. पंजाबी ड्रेस पाण्यात वर तरंगू नये म्हणून मैत्रिणीच्या आईने घेराला चारी बाजूंनी सेफ्टी पिना लावून तो सलवारीला अडकवला होता. पास्टरांनी एक हात पाठीला, दुसऱ्या हाताने माझ्याच रुमालाने नाक धरलं आणि मला मागे आडवं केलं. एक क्षण कानांत नुसतं पाणी. वरून सूर्य पिवळट, गढूळ. मग उभी राहिले, काठावरच्या बायका गात होत्या आणि माझे दात वाजत होते. आनंद झाला होता, खोटं नाही सांगत. पिनांतली एक मांडीला टोचून रक्त आलं होतं ते घरी गेल्यावर कळलं.

वडिलांना सांगितलं नव्हतं. गावात असलं किती वेळ लपणार! ते ओरडले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "माझ्या कडेवर होतीस तेव्हा देवाला दिसली नव्हतीस का?" नंतर बरीच वर्षं आमचं बोलणं चहा-पाण्यापुरतं.

माझी मुलगी झाली तेव्हा पुन्हा तोच प्रश्न. मी तिला बाप्तिस्मा दिला नाही, आमच्या फेलोशिपमध्ये तान्ह्याचं समर्पण करतात, पाणी नाही, नुसती प्रार्थना. वडील आले. पिशवीत देवळातली पितळेची वाटी आणली होती, ज्यातलं पाणी माझ्या डोक्यावर घातलं ती. कोणाला काही बोलले नाहीत. प्रार्थना संपली, वाटी परत पिशवीत घालून संध्याकाळच्या एस.टी.ने गेले.

रात्रपाळी

मी हिंदू. पंचवीस वर्षं नर्स, मुंबईत. हॉस्पिटलचं नाव नको.

एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ, नऊशे ग्रॅम, रात्री अडीचला ढासळायला लागलं. आई मूळची गोव्याची, सिझरियन झालेली, व्हीलचेअरवर काचेपाशी. नवरा बोटीवर. ती एकच म्हणत होती, फादरला बोलवा. फादर फोनवर सापडले, पण यायला तास लागणार होता. म्हणाले, सिस्टर, तुम्ही करा. मी म्हटलं, फादर, माझा गुरुवार आहे. (त्या घाईत तेच तोंडात आलं.) ते म्हणाले, चालतं. जिवावरचा प्रसंग असेल तर कोणीही करू शकतं, बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा, फक्त चर्चला जे करायचं असतं तेच करायचं मनात हवं. पाणी कातडीवरून वाहिलं पाहिजे आणि शब्द चुकता कामा नयेत.

स्टराइल वॉटर, पाच एमएलची सिरिंज, सुई काढून. आईने सांगितलेलं नाव घेतलं, आणि "मी तुला पित्याच्या," एक थेंबांची ओळ, "पुत्राच्या," दुसरी, "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." एवढंसं कपाळ, जेमतेम माझ्या अंगठ्याएवढं. लगेच गॉजने टिपलं, कारण ओलं राहिलं तर बाळ गार पडतं. वेळ चार्टवर लिहिली, सवयीने. २:५०.

बाळ जगलं. चार महिन्यांनी चर्चमध्ये राहिलेले विधी केले: तेल, वस्त्र, मेणबत्ती. पाणी मात्र पुन्हा नाही घातलं. फादर सगळ्यांसमोर म्हणाले, ते सिस्टरांनी केलेलं आहे. मी मागच्या बाकावर, पर्समध्ये दत्ताचा फोटो. वहीत बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे.

सही_शिक्का

@रात्रपाळी, तुमच्या नोंदीत स्पेलिंग तपासून घ्या. गंमत नाही करत.

दुसऱ्यांदा_भिजलेली

@रात्रपाळी, "पाणी मात्र पुन्हा नाही घातलं" हे वाक्य चार वेळा वाचलं.

चटईवरचा

मराठवाडा. आमच्याकडे तीन पिढ्या येशूची भक्ती. आजीचा बाप्तिस्मा झाला होता, तिच्या नावापुढे मंडळीच्या यादीत खूण आहे. माझा नाही. कारण विश्वासाचं नाही, जातीच्या दाखल्याचं आहे. १९५०च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने मला वेगळ्या आळीत घर दिलं नसतं, आळी तीच राहते, दाखला तेवढा जातो. पोरगी इंजिनिअरिंगला आहे.

रविवारी सगळ्यांबरोबर बसतो, गातो, पेटी मीच वाजवतो. प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षारसाची ताटली ओळीत फिरते. बाप्तिस्मा झालेलेच घेतात. माझ्या हातात ताटली येते, मी ती शेजारच्याकडे देतो. पाळकांना माहीत आहे, त्यांनी कधी विचारलं नाही.

जुनी_पानं

वरच्या सगळ्यांपुढे माझं पुस्तकीच आहे. आपल्याकडचे गाजलेले बाप्तिस्मे बहुतेक मोठ्या माणसांचे: बाबा पदमनजी १८५४ला बेळगावात, पंडिता रमाबाई १८८३ला इंग्लंडात वाँटेजला, नारायण वामन टिळक फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत. मला यांतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लक्ष्मीबाई टिळकांचं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि पुढे जेव्हा घेतला तेव्हा स्वतःला पटल्यावर. तान्ह्याचा की कळत्याचा या वादात कोणीतरी त्यांना साक्षीला काढायला हवं.

अलिबागकर

बेने इस्राएली, म्हणजे कोकणातला ज्यू आहे, चालेल ना? पाण्यात पूर्ण बुडी मारून शुद्ध होणं आमच्याकडे आधीपासून आहे, मिकवा म्हणतात. यहुदी धर्मात नव्याने येणाऱ्यालाही ती बुडी घ्यावी लागते. येशूला बाप्तिस्मा देणारा योहान यार्देन नदीत लोकांना बुडवत होता तेव्हा ते आमचेच लोक होते, एवढं नोंदवून रजा घेतो.

ओली_बाही

चटईवरचा, तुम्ही लिहिलंत, बरं झालं. रात्रपाळी, आईला वाचून दाखवलं, ती फोन ठेवून पाणी प्यायला गेली. दुसऱ्यांदा_भिजलेली, ती पितळेची वाटी आता कुठे आहे?

दुसऱ्यांदा_भिजलेली

देवळात परत. दर वेळी वडील स्वतः चिंचेने घासतात.

जुनी_पानं

@वाडीवरची, एक राहून गेलं. मीठ कुठलं असायचं? खास काही की साधंच?

वाडीवरची

आजीला आत्ताच विचारलं. माझ्याकडे वेड्यासारखी बघत म्हणाली, "मिठागरातलं. वसईत दुसरं कुठलं असणार?"